देवमाशांची ‘संस्कृती’ खरंच असते का, आणि कोल्हापुरात राहून यात काम करता येतं का?

बीएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या कोल्हापूरच्याच एका मुलीनं दोन प्रश्न विचारलेत. एक, व्हेल-डॉल्फिनला संस्कृती असते, भाषा असते असं जे रील्समध्ये फिरतंय ते खरं का नुसतं कौतुक. दोन, समुद्र दीडशेएक किलोमीटर लांब असताना आपल्यासारख्यांनी या कामात पडावं का वेडेपणा आहे तो. उत्तर लांबलंय, चहा घेऊन बस.

आधी कोण बोलतोय ते सांगतो. मी बाई आहे, शिवाजी पेठेत वाढलेली, आणि ‘बोलतोय’ ही टायपिंगची चूक नाही. आपल्याकडं पोरी ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतात, तुला हे माहितीय पण बाकीचे वाचणारे गोंधळतील. मी पहिल्यांदा पुण्याला शिकायला गेलो तेव्हा होस्टेलवर यावरनं आठवडाभर हसत होते सगळे. हे मुद्दाम सांगतोय कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. मला असं बोलायला कुणी शिकवलं? कुणीच नाही, आई तशी बोलते, आजी तशी बोलायची, गल्लीतल्या सगळ्या तशाच. रक्तातनं आलं म्हणावं तर माझी मावसबहीण नाशकात वाढली, आजी तीच, पण ती ‘आले-गेले’ म्हणते. पंचगंगेच्या पाण्याचाही गुण नाही. ऐकून ऐकून उचललेलं आहे, आणि तोंड उघडलं की समोरच्याला कळतं ही कुठली.

प्राण्यांच्या बाबतीत कल्चर म्हणतात ते एवढंच. देवळं बांधतात, सण करतात असं कुणी म्हणत नाही. एखादी सवय एका कळपात आहे, दुसऱ्यात नाही, ती जीन्समुळं नाही, जागेमुळं नाही, एकमेकांचं बघून-ऐकून शिकलेली आहे, इतकं दाखवता आलं की झालं. पण ते ‘दाखवता आलं की’ मध्ये माणसाची अख्खी नोकरी खर्ची पडते, त्यावर पुढं येतो.

‘मी आलो’चा समुद्रातला जोडीदार म्हणजे स्पर्म व्हेल. याच्या माद्या आई, आजी, मावश्या अशा मिळून राहतात, नर मोठे झाले की ध्रुवाकडं निघून जातात. एकमेकींशी बोलताना टकटक असे क्लिक काढतात, ठरावीक तालात, त्याला कोडा म्हणतात. कॅरिबियनमध्ये डॉमिनिका बेटाजवळच्या व्हेलचा ओळखीचा ताल म्हणजे टक... टक... टकटकटक. पॅसिफिकमध्ये गॅलापागोसजवळ हॅल व्हाइटहेड आणि ल्यूक रेंडेल या संशोधकांनी बघितलं तर एकाच पाण्यात दोन वेगळ्या तालाचे गट. एकाचे क्लिक सारख्या अंतरानं, त्यांना रेग्युलर म्हटलं, दुसरे शेवटच्या क्लिकच्या आधी जास्त थांबतात, ते प्लस-वन. पाणी तेच, खाणं साधारण तेच, जीन्समध्येही असा फरक नाही की तालाचा उलगडा व्हावा, तरी रेग्युलरवाल्या प्लस-वनवाल्यांत मिसळत नाहीत. गंगावेस तालमीचा पैलवान मोतीबाग तालमीत जाऊन आपलं लंगोट सोडत नाही तसं. 2003 साली हे छापून आलं तेव्हा बऱ्याच लोकांनी नाक मुरडलं होतं, आता फारसं कुणी मुरडत नाही.

याच्या पुढचा भाग रील्समध्ये कधी येत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. या दोन गटांची फिरायची पद्धतही वेगळी होती, आणि नेहमीच्या वर्षी रेग्युलरवाल्यांना खायला जास्त मिळायचं. मग 1997 चा एल निनो आला, पाणी तापलं, खाणं कमी झालं, आणि त्या वर्षी प्लस-वनवाल्या वरचढ ठरल्या. आपल्याकडचं बघ की, चांगल्या पावसाच्या वर्षी ऊसवाला राजा आणि ज्वारीवाल्याला कोण विचारत नाही, पाणी आटलं की मग ज्वारीवाल्याकडं बघतात. सगळ्यांनी ऊसच लावला असता तर? आता एखाद्यानं फक्त डोकी मोजली, की बाबा हजार व्हेल आहेत, चांगलं आहे, तर त्याला हे दिसणारच नाही की त्यातला ज्वारीवाला गट संपत आलाय. म्हणून 2014 मध्ये स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकीतसुद्धा संवर्धन करताना कल्चरचा विचार करा असा ठराव झालाय. कागदावरचा ठराव आहे, लगेच हुरळून जायचं कारण नाही, पण आधी तोही नव्हता.

भाषेचं विचारलंस तर जरा दमानं घे. 2024 मध्ये डॉमिनिकाच्या 8,719 कोडांवर कॉम्प्युटर चालवून असं दिसलं की त्यात ताल, वेग, मधेच थोडं लांबवणं-आखडणं आणि शेवटी एखादा जादा क्लिक असे वेगवेगळे भाग जोडले जातात, त्याला त्यांनी फोनेटिक अल्फाबेट म्हटलं. झालं, दुसऱ्या दिवशी सगळीकडं ‘एआयनं व्हेलची भाषा उलगडली’. अगं, बाराखडी सापडली म्हणजे ओवी कळली असं होतं का? त्या कोडाचा अर्थ काय हे त्यात कुठंच नाही. डॉल्फिनला नावं असतात ही गोष्ट मात्र बऱ्यापैकी पक्की आहे. बॉटलनोज डॉल्फिन लहानपणीच आपली एक शिट्टी ठरवतो, दुसऱ्यानं तीच शिट्टी वाजवली की ओ देतो, हे 2013 मध्ये समुद्रात स्पीकर सोडून तपासलंय.

आणि ऑर्काचा, म्हणजे किलर व्हेलचा, बदला! स्पेन-पोर्तुगालजवळ 2020 पासून ऑर्का शिडाच्या बोटींचं सुकाणू मोडतात, त्यावर किती व्हिडिओ, किती म्युझिक लावलेलं. त्या कळपावर काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते खेळ किंवा फॅड वाटतं, बदला नाही. 1987 मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर एका मादीनं मेलेला सालमन मासा डोक्यावर घेऊन फिरायला सुरवात केली, बघता बघता दुसऱ्या कळपातलेही तसंच करायला लागले, आणि काही आठवड्यांत ते बंद. कॉलेजात एका पोरानं केसाला पट्टा मारला की महिनाभर सगळी रांग पट्टे मारून येते तसलं. त्याच भागातल्या सालमन खाणाऱ्या ऑर्का आता 75 च्या आसपास उरल्यात. त्यांच्यात म्हाताऱ्या माद्यांची पाळी गेल्यावरही त्या पुढं कित्येक वर्षं जगतात, आणि सालमन कमी असलेल्या वर्षी कळपाच्या पुढं त्याच असतात. कुठल्या खाडीच्या तोंडाशी मासा मिळेल ते आजीला ठाऊक. 30 वर्षांवरच्या मुलाची आई गेली तर पुढच्या वर्षभरात तो मरायची शक्यता 14 पट वाढते असं दिसलंय, तिशी ओलांडलेला बाप्या आणि आई गेली की संपला, यावर मी काही बोलत नाही, आमच्या घरी पण एक आहे.

शिकण्याचं सगळ्यात जबरी उदाहरण मला विचारशील तर जुन्या शिकारीच्या वह्यांतलं. एकोणिसाव्या शतकात उत्तर पॅसिफिकमध्ये अमेरिकन जहाजं स्पर्म व्हेलच्या मागं गेली, रोजच्या नोंदी वहीत आहेत, दिसले किती आणि भाला लागला किती. नवीन भागात शिकार सुरू झाल्यावर दोन-अडीच वर्षांत भाला लागायचं प्रमाण 58 टक्क्यांनी पडलं. पिढी बदलायला एवढा वेळ पुरत नाही, म्हणजे ज्यांनी मार खाल्ला त्यांच्याकडनं बाकीच्यांनी शिकून घेतलं असणार. ऑर्का आली की स्पर्म व्हेल गोल करून उभे राहतात, माणसासमोर तो गोल म्हणजे आयतं कोंडाळं. ते सोडून वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचं, शिडाच्या जहाजाला तिकडं येता येत नाही, हे त्यांना जमायला लागलं. पुढं वाफेची जहाजं आली, तिथं हा डाव चालला नाही.

आता आपल्या समुद्राकडं येऊ, कारण हे सगळं वाचून वाटतं की व्हेल म्हणजे कॅनडा-ऑस्ट्रेलिया. हंपबॅक व्हेलचे नर गातात हे तू वाचलं असशीलच. एका भागातले सगळे नर एकच गाणं गातात आणि ते हळूहळू बदलत जातं. 1996 ला ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर दोन नर वेगळंच, पश्चिम किनाऱ्याचं गाणं गाताना सापडले, आणि 1998 पर्यंत पूर्वेकडच्या सगळ्यांनी आपलं जुनं टाकून तेच धरलं. गणपतीत एका मंडळानं नवीन गाणं लावायचा अवकाश, पुढच्या वर्षी मिरवणुकीत दुसरं ऐकूच येत नाही तसं. नंतर दिसलं की अशी गाणी ऑस्ट्रेलियाकडनं फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत, पश्चिमेकडनं पूर्वेकडं, बेटाबेटानं सरकत जातात.

बाकीचे हंपबॅक खायला ध्रुवाकडं आणि विणीला गरम पाण्यात असे जातात-येतात, पण अरबी समुद्रातले जात नाहीत. इथंच खातात, इथंच पिल्लं. सुमारे 70,000 वर्षं ते बाकीच्यांपासून तुटलेले आहेत असं त्यांच्या जीन्सवरनं काढलंय. ओमानजवळ शंभराच्या आत उरलेत. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात चोरून 242 हंपबॅक मारले, त्यातले बहुतेक 1966 च्या नोव्हेंबरात. आज शंभरही नाहीत आणि तेव्हा 242 गेले, हे आकडे शेजारी ठेवून बघ. त्यात जाणती किती गेली, कुठल्या महिन्यात तारली मासळी कुठं लागते हे ठाऊक असलेली, ते कोण मोजणार. हे माझं मत, पेपर नाही.

2017 मध्ये ओमानजवळ लुबान नावाच्या मादीला सॅटेलाइट टॅग लावला होता. लुबान म्हणजे आपण दर्ग्यात जाळतो तो लोबान, शब्द तोच. ही बाई डिसेंबरात निघाली, सरळ अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आली, खाली दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत गेली. मी तेव्हा घरी बसून नकाशावर ते ठिपके बघत होतो, रोज रात्री. त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ पाण्याखालच्या मायक्रोफोनवर हंपबॅकचं गाणं मिळालं होतं. म्हणजे आपल्या उंबऱ्याशी गातायत आणि आपल्याला पत्ताच नसतो.

पण माझं रोजचं काम व्हेलचं नाही, गाद्याचं. गादा म्हणजे आपल्या किनाऱ्याजवळचा हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर वशिंड आणि त्यावर पर (फिन). उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, किनारा सोडून फार लांब न जाणारा. जगात जिथं माणसाची जाळी, बंदरं, होड्या जास्त तिथंच नेमका राहणारा, म्हणून 2017 पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यात आलेला. आम्ही करतो काय, तर ऑक्टोबर ते मे, पहाटे होडीतनं निघायचं, आखून घेतलेल्या रेषेवरनं जायचं, दिसला की वेळ, जागा, किती, पिल्लं किती, काय करत होते ते लिहायचं आणि पाठीवरच्या पराचे फोटो काढायचे. पराच्या मागच्या कडेला खाचा असतात, तुटलेलं असतं, जाळ्याच्या दोरीचे वण असतात, त्यावरनं एकेक ओळखायचा. शंभर फोटोतले ऐंशी पाण्याचे येतात. उरलेल्यांत निम्मे हललेले.

एवढं का करायचं ते वर म्हटलेल्या नोकरी खर्ची पडण्याशी जोडलेलं आहे. अमेरिकेत गल्फ ऑफ मेनमध्ये 1980 ला एक हंपबॅक पाण्यावर शेपूट आपटून मग मासे धरताना दिसला, 2007 पर्यंत तिथले 37 टक्के हंपबॅक हा डाव करायला लागले होते, आणि ते एकमेकांच्या संगतीतनंच पसरलं हे 2013 मध्ये दाखवता आलं. कसं? कारण 27 वर्षं कोण कुणाबरोबर फिरतं याची नोंद होती, एकेकाची ओळख पटवून. कोकणातल्या गाद्याला अशी काही घराण्याची सवय आहे का, म्हणजे एखादा कळप रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायच्या जाळ्याच्या, भोवतीच टपून राहतो आणि दुसरा फिरकतही नाही असं काही, हे सांगायला आधी तीसएक वर्षं त्यांना तोंडानं, सॉरी परानं ओळखावं लागेल. माझ्यासोबतच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, मात्र शास्त्राची घाई नसते. लांबनंच एखादीला ओळखतो आणि मला दरडावतो, “इंजिन बंद कर, पिल्लू आसा तिच्यावांगडा.” म्हणजे तिच्यासोबत पिल्लू आहे. सुरवातीची दोन वर्षं मी त्याचं बोलणं वहीत लिहिलंच नाही, पुस्तकात नव्हतं म्हणून. मूर्खपणा माझा.

ब्राझीलमध्ये लगुना नावाचं गाव आहे, तिथं शंभरावर वर्षं डॉल्फिन आणि कोळी मिळून बोय मासा पकडतात. डॉल्फिन तो मासा किनाऱ्याकडं रेटतो, खूण करतो, त्या क्षणी कोळी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकतात. सगळे डॉल्फिन करत नाहीत, काहीच घराण्यांत ते आहे, पिल्लं आईबरोबर राहून शिकतात. आणि माणसांतही बाप पोराला शिकवतो. दोन्ही बाजूंनी वस्ताद-पठ्ठे. आता बोय कमी होतोय, तसं हेही कमी होतंय, आणि एका बाजूनं विसरलं की दुसऱ्या बाजूच्या शिक्षणाचा उपयोग शून्य.

व्हेल-डॉल्फिन मरतात कशानं? शिकार आता आपल्याकडं नाही, मरतात जाळ्यात अडकून. श्वास घ्यायला वर यावं लागतं, गिलनेटमध्ये गुंतला की बुडूनच मरतो, मासा असून बुडतो म्हणायला विचित्र वाटतं पण तो मासा नाहीच. जगभरात वर्षाला तीनएक लाख व्हेल-डॉल्फिन असे जातात असा अंदाज नेहमी दिला जातो. आणि कोळ्याला शिव्या घालायचा मोह आवर. त्याचं जाळं हजारोंचं असतं. महाराष्ट्रात 2018 च्या शेवटी योजना आली की जाळं कापून असा प्राणी सोडला, फोटो दिला, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. ही मला लई शहाणपणाची योजना वाटते, पैसे वेळेत हातात पडले तर. पर्यटनाच्या होड्यांचं मात्र मला बोलवत नाही. एका सुट्टीत चार गाद्यांच्या भोवती अकरा होड्या मोजल्यात मी, सगळ्यांत ‘काका अजून जवळ घ्या’ म्हणणारी माणसं, आणि निम्म्या गाड्यांच्या नंबरप्लेट एमएच 09. आपलीच.

दुसरा प्रश्न. कोल्हापुरात राहून येतं का. येतं, मी राहतो की. वर्षातले चार-पाच महिने मी कोकणात असतो, पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा इथं घरी बसून फोटो जुळवतो, आवाजाच्या फायली ऐकतो, आकडेमोड करतो. पोहता येतं का हे सगळे विचारतात, स्टॅटिस्टिक्स येतं का हे कुणी विचारत नाही, आणि काम अडतं तिथंच. आत्तापासून आर (R) ही आकडेमोडीची कॉम्प्युटर भाषा शीक, फुकट आहे. हॅपीव्हेल नावाच्या साइटवर जगभरातल्या लोकांनी टाकलेल्या शेपटीच्या फोटोंवरनं हंपबॅक कसे ओळखतात ते बघ, डोळा तयार होतो. रंकाळा तलावावर महिनाभर रोज एकाच वेळी पाणकावळे मोज, गंमत म्हणून नाही, तासभर काही न घडता नीट बघत बसायची सवय व्हावी म्हणून. पुढं एमएस्सीनंतर गोव्याची एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था), कोचीची सीएमएफआरआय (सागरी मत्स्य संशोधन संस्था), डेहराडूनची डब्ल्यूआयआय (वन्यजीव संस्था) या जागा बघ. घरच्यांना पगाराचं खरं सांग. प्रोजेक्ट संपला की पगार संपतो, मी मधली दोन वर्षं क्लासमध्ये बायोलॉजी शिकवून काढलीत.

आणि कोल्हापूरचा समुद्राशी संबंध नाही असं समजू नको. एक तर ती ‘व्हेलची उलटी’. आपल्याकडं पेपरात दरवेळी येतं, इतक्या कोटींची उलटी जप्त, कोकणातनं आणलेली. ती बहुधा उलटी नसतेच, स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुळाच्या (स्क्विडच्या) न पचलेल्या चोचींभोवती तयार होते, थोड्याच व्हेलमध्ये, आणि आपल्या कायद्यात स्पर्म व्हेल पहिल्या शेड्यूलमध्ये असल्यानं ती बाळगणं-विकणं गुन्हा आहे. कुणी पाव्हणा ‘एक तुकडा आहे, गिऱ्हाईक बघ’ म्हणाला तर त्याला हे सांग. दुसरं, आपला प्लास्टिकचा कचरा कोकणात जात नाही, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला, म्हणजे आपण घाण करतो ती आंध्रच्या दारात.

तिसरं, सुट्टीत किनाऱ्यावर आपणच असतो. 2023 च्या नोव्हेंबरात, दिवाळीत, गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू वाळूत अडकलं, लोकांनी, वनखात्यानं जवळजवळ दोन दिवस धडपड करून समुद्रात नेलं आणि ते शेवटी गेलंच. असं काही दिसलं तर 1926 ला, वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन. शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही, डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी-वाळू जाऊ द्यायची नाही, अंगावर ओलं कापड, आणि गर्दी लांब. जमिनीवर त्याचं स्वतःचंच वजन त्याच्या फुप्फुसावर येतं, ऊन लागतं, आणि वर आपण सेल्फीला टेकतो.

बघायचं असेल तर ऑक्टोबर अर्धा सरल्यावर ये, आधी मला कळव, होडीत एक जागा असते. पहाटे पाचला जेट्टीवर, म्हणजे आदल्या रात्रीच घाट उतरून मुक्कामाला. टोपी, पाणी, आणि उलटीची गोळी, तुझ्यासाठी, व्हेलची नाही. पहिल्या दिवशी बहुतेक काही दिसणार नाही. दिसलं नाही तरी फॉर्म भरायचा असतो, किती वाजता निघालो, कुठून कुठपर्यंत, वारा किती, जाळी किती दिसली, आणि गादे या रकान्यात शून्य. तो रकाना मोकळा सोडलास तर तांडेल नाही, मी ओरडणार.